दोनशे सतराची उंची

प्रेमानंद गजभियेंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या डोळ्यांची नोकरी काही सुटली नव्हती. कुणाच्या घरी गेले की आधी दारातल्या पोराकडे बघायचे आणि मनातल्या मनात आकडा लावायचे. एकशे अठरा. एकशे चोवीस, फार तर साडेचोवीस. बायको ताराबाई वैतागायची. "लोकं पोरगं पाहून नाव इचारतात," ती म्हणायची, "तुमी काहून माप घेऊन राहिले जी? शिंपी हाय का?"

शिंपी नव्हते, पण माप घेण्यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. १९८७ साली नागपुरातल्या एका संशोधन संस्थेनं दोन-दोन वर्षांच्या चारशे बारा पोरांची यादी केली. काही कोराडीच्या वसाहतीतली, काही उमरेडच्या विणकरांच्या घरांतली आणि उरलेली वाडीची, अमरावती रोडच्या गोदामांमागच्या भाड्याच्या खोल्यांतली. ही पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत दर जूनमध्ये गाठायची, उंची-वजन घ्यायचं, आणि घरी बसून विचारायचं: घरात कोण कोण आहे, बाप काय करतो, आई कामाला गेली की पोर कुणाकडे जेवतं, शेजारी कोण राहतं. पोर एकटं वाढत नाही, त्याला घर वाढवतं, गल्ली वाढवते. कोण किती वाढवतं ते आकड्यांतून काढायचं, असा सगळा खटाटोप होता.

प्रेमानंदांच्या वाट्याला वाडी आली. शहाण्णव पोरं, सतरा वर्षांचे सतरा जून. सायकलच्या दांडीला सागवानी फळी बांधायची, हँडलला वजनकाटा लटकवायचा, डोक्याला ओला गमछा आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून त्याआधीच्या पंधरा दिवसांत पोरं घरी सापडायची. उन्हात वाडीचे ट्रक असे तापलेले असायचे की सायकल टेकवायची सोय नाही. पण गल्लीत शिरले की ओरडा व्हायचा, "मापवाले काका आले!" आणि पोरं स्वतःहून चपला काढून भिंतीला टेकून उभी राहायची. मागच्या वर्षीपेक्षा आपण किती वाढलो, हे ऐकायची त्यांना कोण घाई! ते दिवस आठवले की प्रेमानंदांना आजही कांद्याचा वास यायचा आणि उगाचच बरं वाटायचं.

त्या धंद्यात एक शिवी होती: टपरीछाप. म्हणजे जो घरोघरी न जाता चहाच्या टपरीवर बसतो आणि मनचे आकडे ठोकून फॉर्म भरतो तो. प्रेमानंदांनी सहकाऱ्यांना ही शिवी मोकळ्या हातानं वाटली होती. उमरेडवाल्याच्या फॉर्मवर एकदा चहाचा गोल डाग सापडला, तर यांनी तो कार्यालयभर फिरवून दाखवला. स्वतःबद्दल त्यांना एकच घमेंड होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही: आपण टपरीछाप नाही.

सोमवारी सकाळी वैदेहीचा फोन आला. ही संस्थेतली नवी संख्याशास्त्रज्ञ, पुण्याहून शिकून आलेली, तिशीच्या आतली. जुने सगळे फॉर्म तिनं संगणकात चढवून घेतले होते आणि आता चाळिशीला आलेल्या त्या पोरांना मतदारयाद्यांतून शोधून काढत होती. शनिवारी त्यांचा मेळावा होता. त्यात प्रेमानंदांना शाल-श्रीफळ मिळणार होतं, म्हणून ताराबाईनं झब्बा आधीच इस्त्री करून ठेवला होता.

"काका, वाडीचा दोनशे सतरा सापडला!" वैदेही म्हणाली. "अंकुश बळीराम. कोराडीला वेल्डिंगचं काम करतो. शनिवारी येतोय, आईलाही आणतोय."

प्रेमानंद खाटेवर बसले. "आला? परत आला तो?"

"कुठून परत?"

"नाही, म्हणजे... सापडला म्हणून म्हटलं."

वैदेहीच्या ते लक्षातही आलं नाही, इतकी ती खुशीत होती. "त्याची रेषा बघायला हवी तुम्ही. आठव्या वर्षापासून बाप घरात नाही, आई गोदामात मजुरीला, वस्ती सगळ्यात गरीब. अशा पोरांची वाढ कुठेतरी अडखळतेच. याची नाही! अकराव्या वर्षापर्यंत, म्हणजे नोंदी आहेत तोवर, अपेक्षेपेक्षा एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. एकट्या आईनं वाढवलेली वाडीतली अजून चार पोरंही अशीच बरी निघाली, त्यावर मी अहवालात एक अख्खं प्रकरण लिहिलंय, की शेजार चांगला असेल तर बाप नसण्याची उणीव वस्ती भरून काढते. सुरुवातीलाच दोनशे सतराचा आलेख टाकलाय."

फोन बंद झाल्यावर ताराबाईनं विचारलं, "का झालं? चेहरा काहून पडला?" त्यांनी काही सांगितलं नाही. पोरगं जिवंत आहे, आईजवळ आहे, याचा आनंद अठ्ठावीस वर्षांनी पदरात पडला होता, आणि त्याच घासाला खडा लागला होता.

भागीरथा गोदामात बारदाना शिवायची. फाटक्या पोत्यांना हातभर सुईनं टाके घालायची. नवरा बळीराम ट्रक चालवायचा. ९२ सालच्या दिवाळीत त्यानं सात वर्षांच्या अंकुशला "फिरवून आणतो" म्हणून गाडीत बसवून नेलं. दोघांत आधीपासून जमत नव्हतं. महिना गेला, वर्ष फिरलं, ना ट्रक आला ना पोरगं. पुढच्या जूनला प्रेमानंद फळी घेऊन दारात गेले तेव्हा भागीरथा उंबऱ्यावर बसलेली होती. पोर गैरहजर असेल तर रकान्यात नऊ लिहायचा नियम होता. प्रेमानंदांनी पेन काढला आणि नऊ काढायला घेतला.

तिनं त्यांचा हात धरला. "नऊ काहून लिवता भाऊ? तो का मेला का?"

"तसं नाही, बाई. मुलगा समोर नाही, तर नऊच लिहितात."

"माह्या समोर हाय तो. रोज हाय. तुमी सांगा, आता केवढा झाला असन?"

आता हे नियमात कुठं होतं? पण वाडीच्या सगळ्या पोरांची उंची प्रेमानंदांना तोंडपाठ होती. आठ वर्षांची पोरं त्या वर्षी सरासरी साडेपाच सेंटिमीटरच्या वर वाढली होती. अंकुशची मागची उंची एकशे सोळा पूर्णांक दोन. त्यांनी हिशोब करून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली: एकशे एकवीस पूर्णांक आठ. भागीरथानं रेघेवर तळहात ठेवला. मग आतून मोजपट्टी आणली आणि त्या उंचीचा शाळेचा शर्ट मनातल्या मनात कापला. शाळा उघडायला आठ दिवस होते. "आला तं शाळेत काय घालून जाईन तो?" ती म्हणाली.

तिच्या देखत नऊ लिहिणं प्रेमानंदांना जमलं नाही. त्यांनी फॉर्मवर तोच आकडा टाकला. घरी जाऊन दुरुस्त करू असं ठरवलं, पण संध्याकाळी मुकादम गठ्ठा घेऊन गेला. आणि खोटं एकदा पायात घोटाळलं की पुढच्या वर्षी ओलांडणं सोपं होतं. ९४, ९५, ९६, असे पहिला धरून चारही जूनमध्ये त्यांनी चौकटीवर रेघा मारल्या. चार शर्ट शिवले गेले. ९७ साली गेले तर खोलीला कुलूप होतं, शेजारी म्हणाले, दिवाळीपासूनच सोडून गेली, कुठं ते माहीत नाही. तेव्हापासून त्यांनी इमानदारीनं नऊ लिहिलं, आणि त्या चार आकड्यांना मनाच्या तळाशी पुरून टाकलं. पुरलेलं उगवतं, एवढं शेतकऱ्याच्या नातवाला कळायला हवं होतं.

सोमवारचा आख्खा दिवस त्यांनी स्वतःशी वकिली केली. कोण बघतंय? तीस वर्षं होत आली. चारशे बारा पोरांत चार आकडे म्हणजे पोह्यांत चार मुरमुरे. पण मग अहवालातलं ते प्रकरण आठवायचं. एकटी आई, गरीब वस्ती, आणि पोराला काही झालं नाही, असं छापून येणार. उद्या कुणी साहेब ते वाचणार आणि म्हणणार, बघा, यांचं भागतंय की. मंगळवारी सकाळी ते उठले, अंघोळ केली आणि बसमध्ये बसले.

संस्थेत वैदेहीनं सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

"किती पोरांचं असं केलंत?" तिनं शेवटी विचारलं.

"एकाच. दोनशे सतरा. चार वर्षं."

"हे मी कसं मानू, काका?"

प्रेमानंदांना कानशिलात बसल्यासारखं झालं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता.

"रिकाम्या जागा आम्हीही भरतो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तुम्ही केलंत तेच करतो, आजूबाजूच्या पोरांवरून अंदाज बांधतो. पण एकदाच नाही, पन्नास वेळा वेगवेगळा भरतो. का? तर आपल्याला माहीत नाही, हे विसरायला नको म्हणून. आणि ही जागा आम्ही भरली आहे असं ओरडून सांगतो. तुम्ही सांगितलं नाहीत. त्या रेषेकडे बघून मलाच संशय यायला हवा होता. खरं पोर असं सरळ वाढत नाही, कधी ताप येतो, कधी पाय वाकवून उभं राहतं. मला ती सुंदर वाटली, ही माझी चूक. आता मला तुमच्या पंधराशे नोंदी तपासायच्या आहेत. शनिवारचं नंतर बघू."

"शाल नको मला," प्रेमानंद म्हणाले.

"शालीचं कोण बोलतंय?" ती म्हणाली.

घरी आल्यावर त्यांनी ताराबाईला सांगितलं. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. "चार आकड्यासाठी एवढं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमी टपरीछाप नाई. तुमी उंबऱ्यावर बसून छापलं." आणि हसायला लागली. प्रेमानंदांना हसू आलं नाही. जेवणही गेलं नाही.

बुधवारी ते उगाच वाडीला जाऊन आले. खोल्यांच्या जागी आता पत्र्याची उंच गोदामं होती, आत थंड हवा, बाहेर रांगेनं ट्रक. गल्ली कुठे सुरू व्हायची तेही लक्षात येईना. एका टपरीवर त्यांनी चहा घेतला. इतक्या वर्षांत वाडीच्या टपरीवर बसायची ही त्यांची पहिली खेप होती. चहा चांगला होता. समोर एक बाई पोराची कॉलर नीट करत होती, आणि प्रेमानंदांनी आपसूक आकडा लावला, एकशे सव्वीस, आणि लगेच स्वतःचा राग आला.

शुक्रवारी वैदेहीचा फोन आला. "तुमच्या सगळ्या मापांतले शेवटचे अंक मोजले," ती म्हणाली. "मनानं आकडे टाकणारा माणूस शून्य आणि पाचवर जास्त बसतो, किंवा आवडते अंक पुन्हा पुन्हा टाकतो. उमरेडच्या नोंदींत निम्मे आकडे शून्य-पाचचे आहेत. तुमच्यात दहाही अंक सारखे पडलेत. पोरं कधी अर्धा सेंटिमीटर कमीही झालीत, तेही तुम्ही तसंच लिहिलंय. मी नाही म्हणत, आकडे म्हणतायत, की बाकी सगळं खरं आहे." मग म्हणाली, "पण वाडीचं प्रकरण मी काढून टाकलं. दोनशे सतराला वगळल्यावर उरलेली ती चार पोरं पुरत नाहीत. आणि उद्या मंचावर हे तुम्हीच सांगायचं. शाल त्याच्यानंतर."

शनिवारी मेळाव्याआधी, शेजारच्या खोलीत सगळ्यांची नव्यानं मापं चालली होती. आता फळीऐवजी पांढरी यंत्रं होती, पण प्रेमानंदांची जुनी सागवानी फळी वैदेहीनं आठवण म्हणून कोपऱ्यात उभी केली होती. तिच्यावरून हात फिरवत ते उभे असतानाच भागीरथा आत आली. केस पांढरे, चाल तीच, पोत्याच्या वजनानं एका बाजूला झुकलेली. तिच्यामागे एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस होता, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग.

"भाऊ!" ती म्हणाली. "वळखलं का? हा अंकुश."

प्रेमानंदांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजरेनं नेहमीचं काम केलं: एकशे साठच्या आत. त्यांच्या रेघांप्रमाणे तो पाच-सात सेंटिमीटर तरी उंच असायला हवा होता.

"कधी आला होता गा तू?" त्यांनी विचारलं.

"शहाण्णवच्या दिवाळीत, काका. बाप बिमार पडला, एका डायव्हरनं मले वाडीच्या नाक्यावर आणून सोडलं. मंग मामाकडं कोराडीले गेलो."

भागीरथानं पिशवीतून एक शर्ट काढला. पिवळा पडलेला, खिशाची शिवण उसवलेली. "तुमी सांगतल्या मापानं चार शिवले होते मी. वाढत्या अंगाचे, बोटभर मोठे. हा आला तवा अकरा वर्साचा होता. मी अकराचा घातला, तं बाह्या हाताच्या खाली गेल्या. दहाचाही ढिला. हा आठचा आला बरोब्बर. हा पहिला." ती हसली. "अकराचा घालायले त्याले चवदावं लागलं."

वैदेही फॉर्म घेऊन दारात उभी होती, तिनं ऐकलं होतं. प्रेमानंदांच्या लक्षात सगळं एकदम आलं. चौकटीवर ते पोराला दर वर्षी साडेपाच सेंटिमीटर वाढवत होते, आणि ते पोर कुठल्याशा ट्रकमध्ये वाढतच नव्हतं. चार वर्षं त्याला पोटभर मिळालं नव्हतं, आणि त्याचा एकमेव पुरावा या फॉर्ममध्ये यायला हवा होता. तिथं त्यांनी सुंदर रेघ मारून ठेवली होती.

"मी तुही भूक खोडली रे," ते अंकुशला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "नऊ लिवलं असतं तं कोणीतरी इचारलं असतं, पोरगं कुठी हाय म्हणून. मी इचारूच दिलं नाई."

अंकुशनं आईकडे पाहिलं.

"तुमी मले चार वर्सं जगवलं भाऊ," भागीरथा म्हणाली. "रोज त्या रेघीवर हात ठेवून कामाले जात होती मी. त्याचं पोट नाई भरलं त्यानं, ते खरं हाय. माह्यं भरलं. दोनी खरं हाय. आता रडून का करता?"

वैदेहीनं पुढे येऊन चार जुने फॉर्म टेबलावर ठेवले. कागद चहासारखे झाले होते, पण अक्षर प्रेमानंदांचंच, ठसठशीत. खोडायचा नियम त्यांना माहीत होता. खाडाखोड नाही, एक आडवी रेघ, बाजूला बरोबर नोंद, सही आणि आजची तारीख. "शेऱ्यात शर्टाचं लिहा," ती म्हणाली. "उंची मिळणार नाही. पण अकराव्या वर्षी आठच्या मापाचा होता, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. ते मी अहवालात घेईन."

प्रेमानंदांनी पेन उघडला. ९३ सालच्या फॉर्मवर एकशे एकवीस पूर्णांक आठवर रेघ मारली. मग हात थांबला. त्यांनी भागीरथाकडे पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वीसारखीच ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

"नऊ लिहू का, बाई?" त्यांनी विचारलं.

भागीरथानं अंकुशला दंडाला धरून कोपऱ्यातल्या सागवानी फळीला टेकवून उभं केलं. त्यानं लहानपणीसारख्या, न सांगता, चपला काढल्या.

"आता लिवा," ती म्हणाली. "पोरगं समोर हाय. पहिले चार नऊ लिवा, अन् मंग याचं माप घ्या."

प्रेमानंदांनी चारही लिहिले. सही केली. मग उठून अंकुशच्या टाचा मागे सरकवल्या, हनुवटी बोटानं सरळ केली आणि पट्टी डोक्यावर आणून टेकवली. चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला.

"एकशे एकोणसाठ पूर्णांक तीन," ते मोठ्यानं म्हणाले, आणि वैदेहीनं लिहून घेतलं.